इस्टेट एजंट व्हायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

वाचकाचे पत्र

मी ३१ वर्षांची असून बी.कॉम. झाले आहे. दुचाकींच्या एका शोरूममध्ये हिशेब विभागात नोकरी करते. हातात २४ हजार रुपये येतात. पती चाकणला कामाला आहेत, घराचा हप्ता चालू आहे आणि मुलगा पहिलीत आहे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतले दोन फ्लॅट माझ्या ओळखीने भाड्याने गेले आणि एका मालकांनी आपणहून मला अर्ध्या महिन्याचे भाडे देऊ केले. तेव्हापासून इस्टेट एजंट व्हावे असे मनात आहे. त्यासाठी कोणते शिक्षण लागते? एक खासगी संस्था ६० हजार रुपयांत डिप्लोमा आणि हमखास नोकरी देऊ म्हणते, तो करावा का? नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू करावे की एखाद्या कंपनीत जावे? माझ्या सासऱ्यांना हा व्यवसाय फसवाफसवीचा वाटतो. आणि नात्यातल्या किंवा सोसायटीतल्या माणसांकडून या कामाचे पैसे कसे मागायचे, तेही कळत नाही.
— एक वाचक, धायरी

सदरकर्त्याचे उत्तर

तुमच्या प्रश्नांपैकी शिक्षणाचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. इस्टेट एजंट होण्यासाठी कायद्याने कोणतीही पदवी ठरवून दिलेली नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, ज्याला आपण सगळे रेरा म्हणतो, त्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घर, भूखंड किंवा गाळा विकून देणाऱ्या एजंटाने प्राधिकरणाकडे स्वतःची नोंदणी केली पाहिजे. आपल्याकडे हे प्राधिकरण म्हणजे महारेरा. २०२३ पासून महारेराने या नोंदणीआधी सक्षमता प्रमाणपत्राची अट घातली आहे, त्यामुळे आधी महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेकडून २० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, नंतर परीक्षा द्यावी लागते आणि ती उत्तीर्ण झाल्यावरच एजंट म्हणून अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन असतो. व्यक्तीसाठी नोंदणी शुल्क १० हजार रुपये, तर भागीदारी संस्था किंवा कंपनीसाठी १ लाख रुपये आहे, आणि नोंदणी ५ वर्षे टिकते. नोंदणी न करता असे व्यवहार केल्यास दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत जाऊन त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

यावरून ६० हजारांच्या डिप्लोमाचे उत्तर मिळते: तो करू नका. व्यवसायाचा परवाना त्या डिप्लोमाने मिळत नाही, महारेराच्या प्रमाणपत्राने मिळतो. ती संस्था महारेराच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांच्या यादीत असली, तरी त्या २० तासांपलीकडे ती काय शिकवते आणि ‘हमखास नोकरी’ म्हणजे नेमके काय, हे तिच्याकडून लेखी मागून घ्या. पुष्कळदा या नोकरीत पगार नसतो, फक्त कमिशन असते, आणि अशी नोकरी कोणालाही ६० हजार न भरता मिळते. हप्ता चालू असलेल्या घरातून ही रक्कम काढावी, असे या सौद्यात मला काहीही दिसत नाही.

आता खऱ्या शिक्षणाकडे वळतो, कारण परवाना काही आठवड्यांत मिळतो, पण हा व्यवसाय त्याने येत नाही. नवा एजंट बहुधा बोलायला शिकतो: ब्रोशर पाठ करतो, नमुना फ्लॅट दाखवतो आणि गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून दिवसातून चार फोन करतो. तुम्ही उलट टोकाकडून सुरुवात करा, असा माझा आग्रह आहे. आधी कागद वाचायला शिका. घर कोणीही दाखवू शकतो. पण एखादा फ्लॅट घेऊ नका, हे कारणासह सांगू शकणारा एजंट पुण्यात आजही सहज सापडत नाही, आणि लोक पुढच्या व्यवहाराला शोधत येतात ते अशाच माणसाकडे.

तुमच्या स्वतःच्या परिसराचेच उदाहरण पाहा. धायरी महापालिकेत आली २०१७ मध्ये, नऱ्हे २०२१ मध्ये. त्याआधी या गावांत उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी काहींना जिल्हाधिकारी कार्यालयाची रीतसर मंजुरी होती, २०१५ नंतरच्या काहींना पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, आणि काही इमारती केवळ ग्रामपंचायतीच्या कागदावर किंवा त्याही आधाराशिवाय उभ्या राहिल्या. बाहेरून पाहणाऱ्याला या तिन्हींत फरक दिसत नाही. तिन्हीकडे लिफ्ट असते, तिन्हीकडे पार्किंग असते, आणि तिसऱ्या प्रकारातला फ्लॅट पाच-दहा लाखांनी स्वस्त मिळतो म्हणून बाहेरगावाहून आलेले तरुण जोडपे तिथेच थांबते. पुढे कर्जाला मोठ्या बँका नकार देतात, जास्त व्याजाचे कर्ज घ्यावे लागते, इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, कधीच येत नाही आणि विकायची वेळ आली की गिऱ्हाईक मिळत नाही. त्या जोडप्याला हे अगोदर सांगण्याची संधी मध्यस्थाला होती. म्हणून प्रत्येक इमारतीबाबत पहिला प्रश्न हाच ठेवा: नकाशा कोणी मंजूर केला, कधी केला, आणि प्रत्यक्ष मजले त्या नकाशाप्रमाणे आहेत का?

त्यानंतर बाकीचे कागद येतात. जमिनीचा सातबारा, फेरफार आणि शहर हद्दीत मालमत्ता पत्रक. जमीन अकृषिक झाली आहे का, धारणा भोगवटादार वर्ग १ ची, म्हणजे मोकळेपणी विकता येणारी, आहे की वर्ग २ ची, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी. विकासकाच्या हाती खरेदीखत आहे की विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र. वकिलाने मागच्या ३० वर्षांच्या नोंदी तपासून दिलेल्या सर्च रिपोर्टमध्ये कोणता वाद किंवा बोजा नोंदला आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की पूर्णत्वाची कबूल केलेली तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, आणि प्रकल्पावर दावे व कर्ज किती आहे, हे सर्व कोणालाही पाहता येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, शोधता येते, आणि शेजारचा फ्लॅट कागदोपत्री किती रकमेला विकला गेला हे त्यातून कळते. जाहिरातीतल्या भावापेक्षा ही रक्कम किती वेगळी असते, ते एकदा स्वतः पाहा. रोज संध्याकाळी तुमच्या परिसरातला एक प्रकल्प घ्या आणि त्याचे एवढे कागद वाचा. सहा महिन्यांत सिंहगड रस्त्यावरच्या कोणत्याही नव्या इमारतीबद्दल तुम्ही जे सांगू शकाल, ते तिथल्या विक्री कार्यालयातल्या माणसालाही सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि तिथे तुम्ही इतरांच्या पुढे आहात. गिऱ्हाइकाला फ्लॅट ६० लाखांचा सांगितला जातो, पण त्याला एकूण किती पैसे उभे करायचे आहेत, हे पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या घरांच्या वर्गात न बसणाऱ्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४ लाख २० हजार. आणि नोंदणी फी ३० हजार. बेरीज साडेसदुसष्ट लाखांवर जाते, त्यात सोसायटीची आगाऊ देखभाल आणि घरातले सामान धरलेले नाही. घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे या व्यवहारात ६० हजार वाचतात. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दर कराराच्या किमतीहून जास्त असेल तर शुल्क त्या दराने बसते. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापून सरकारजमा करायचा असतो. पुनर्विक्रीच्या व्यवहारात हे हमखास राहून जाते आणि वर्षभराने नोटीस येते. करारनामा नोंदवण्याआधी विकासक किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, हे कलम १३ तुमच्या जिभेवर असले पाहिजे, कारण ‘आज २० टक्के भरा, ऑफर उद्या संपते’ असे तुमच्या गिऱ्हाइकाला कोणी ना कोणी सांगणारच आहे. हा सगळा हिशेब एका पानावर स्वच्छ मांडून पहिल्याच भेटीत हातात देणारा एजंट घरातल्या मोठ्या माणसांना लगेच पटतो.

आता नोकरीचा प्रश्न. शोरूमची नोकरी आज सोडून स्वतःचे काम सुरू करू नका. पण तिथेच राहून फक्त रविवारी काम करा, असेही मी म्हणणार नाही. या दोहोंमधला एक रस्ता आहे. विकासकांच्या कार्यालयांत विक्री विभागाशेजारी सीआरएम नावाचा विभाग असतो. फ्लॅट विकला गेल्यावर करारनामा तयार करणे, मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून घेणे, बँकेला कागद देणे, बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मागणीपत्रे काढणे, जीएसटीचा हिशेब ठेवणे, ताबा देणे आणि तक्रारी ऐकणे ही कामे तिथे होतात. त्यांना हिशेब येणारी, नीट मराठी लिहिणारी आणि माणसांशी शांतपणे बोलणारी माणसे लागतात, आणि तुमच्या पत्रावरून या तिन्ही गोष्टी तुमच्यात दिसतात. पगार ठरलेला असतो, त्यामुळे हप्त्याला धक्का लागत नाही. विक्री विभागात दोन वर्षांत जे कळणार नाही ते इथे एका वर्षात कळते, कारण विकणाऱ्याने दिलेली आश्वासने परत येतात ती याच टेबलावर. धायरी, वडगाव, नांदेड फाटा या पट्ट्यातल्या मध्यम आकाराच्या विकासकांकडे थेट जाऊन अर्ज द्या. मोठ्या समूहापेक्षा अशा कार्यालयात एकाच व्यक्तीला सगळे टप्पे हाताळायला मिळतात. वर्ष-दीड वर्ष हे काम करा आणि त्याच काळात महारेराची परीक्षा देऊन टाका.

स्वतःचे काम सुरू कराल तेव्हा भाड्याच्या घरांपासून करा. भाडेव्यवहार रेराच्या नोंदणीच्या कक्षेत येत नाहीत, पण त्यामुळे ते बेकायदा किंवा बेशिस्त असावेत असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला की झाले, ही समजूत चुकीची आहे. ही नोंदणी आता घरी बसून ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे, अनामत परत करण्याच्या अटी स्पष्ट लिहिणे, ताबा देताना वीज मीटरचे आकडे आणि घरातल्या वस्तू यांची यादी दोघांच्या सह्यांनी करणे, एवढे नेमाने केलेत तर घरमालक दुसऱ्याकडे जाणार नाही. तुमच्या आसपास महाविद्यालये आहेत, त्यामुळे जून ते ऑगस्ट विद्यार्थ्यांची आणि त्याआधी एप्रिल-मेमध्ये कुटुंबांची ये-जा असते. मालक ‘अमुक जातीचे नको, तमुक धर्माचे नको’ असे सांगतील. ती अट दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारी व्यक्ती तुम्ही होऊ नका, एवढे मला मनापासून सांगावेसे वाटते. अशा घराचे काम न घेतल्याने तुमचे फारसे बुडणार नाही.

भाड्याच्या व्यवहारात साधारण एका महिन्याचे भाडे मिळते आणि ते लगेच मिळते. पुनर्विक्रीत एक ते दोन टक्के घेण्याची पद्धत आहे, पण व्यवहार तीन-चार महिने चालतो. सोसायटीचे ना हरकत पत्र, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), विक्रेत्याचे जुने कर्ज, मिळकतकराची थकबाकी, यांपैकी एखादी गोष्ट अडली की सगळे थांबते. विकासकाकडून मिळणारे कमिशन कागदावर सर्वांत जास्त दिसते, पण ते गिऱ्हाइकाचा करार नोंदवून झाल्यावर आणि बँकेचा पहिला हप्ता आल्यावर निघते, आणि त्यातून टीडीएस कापला जातो. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी या दिवसांत बुकिंग होते, पितृपंधरवड्यात फोनही वाजत नाही. म्हणून घरखर्च आणि हप्ता मिळून किमान सहा महिन्यांची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय पगार सोडू नका.

जमिनीचे आणि प्लॉटचे व्यवहार पहिली काही वर्षे घेऊच नका. खडकवासल्याच्या पलीकडे, पानशेत रस्त्याला, भोर-वेल्ह्याकडे गुंठ्यांवर विकले जाणारे ‘फार्म हाउस प्लॉट’ दाखवून भरघोस कमिशन देणारे लोक तुम्हाला लवकरच भेटतील. शेतजमीन खरेदी करायला खरेदीदार मुळात शेतकरी असावा लागतो, सामाईक सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून वेगळी हद्द मिळत नाही, आणि या व्यवहारांत निवृत्तीचे पैसे घालून बसलेली माणसे माझ्याकडे वारंवार पत्रे पाठवतात. त्यांतल्या बहुतेकांना तो प्लॉट ओळखीच्या माणसानेच दाखवलेला असतो.

तुम्ही स्त्री म्हणून एकटीने रिकामी घरे दाखवणार आहात, त्याबद्दलही लिहितो. आलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र आणि फोन नंबर भेटीआधी घ्या, पत्ता व वेळ घरी कळवा, वॉचमनला सांगून वर जा, अंधार पडल्यावर भेट ठेवू नका. मालकाकडून किल्ली घेताना आणि परत देताना सही घ्या. टोकनची रक्कम स्वतःच्या खात्यावर कधीही घेऊ नका. ती खरेदीदाराकडून थेट विक्रेत्याच्या खात्यावर जावी आणि तिची पावती, व्यवहार मोडल्यास काय करायचे या अटीसह, त्याच दिवशी व्हावी. एजंट अडचणीत येतात त्या बहुतेक प्रकरणांचे मूळ याच रकमेत असते.

पुढे शिकायची इच्छा झाली तर पुण्यात वाटा आहेत. पदवीधरांसाठी तीन वर्षांची एल.एल.बी. या व्यवसायात फार उपयोगी पडते. बाणेर-बालेवाडी भागात निकमार विद्यापीठ आहे, तिथे स्थावर मालमत्ता व्यवस्थापनाचे पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण मिळते. मोठ्या सल्लागार कंपन्यांत खराडी-हिंजवडीच्या कार्यालयीन जागांचे व्यवहार करायचे असतील तर ते योग्य आहे, पण तुमच्या आजच्या परिस्थितीत त्याचा खर्च आणि वेळ परवडणारा नाही. जमीन व इमारतींच्या नोंदणीकृत मूल्यांककाचे काम मुख्यतः स्थापत्य अभियंते, वास्तुविशारद आणि नगररचनाकार यांचे आहे, त्यामुळे कोणी तो मार्ग सुचवला तरी त्यामागे लागू नका. कोथरूड, सहकारनगर, डेक्कन भागातल्या जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे काम मात्र सीआरएमच्या अनुभवानंतर तुम्हाला जमण्यासारखे आहे. तिथे ज्येष्ठ सभासदांना करारातली प्रत्येक अट समजावून सांगणाऱ्या माणसाची फार गरज आहे.

तुमच्या सासऱ्यांची शंका मी उडवून लावणार नाही. त्यांच्या पिढीने या शहरात एकच फ्लॅट तीन जणांना विकलेला पाहिला आहे. त्यांना वादाने पटवू नका. कलम १० मध्ये एजंटाची कर्तव्ये दिली आहेत: नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर विकायचे नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, नसलेल्या सोयी असल्याचे सांगायचे नाही, बुकिंगच्या वेळी खरेदीदाराला हक्काची सर्व माहिती व कागद मिळवून द्यायचे. हे कलम त्यांना वाचायला द्या, आणि पहिल्या काही व्यवहारांचे कागद त्यांच्यासमोर बसून तपासा. जुन्या माणसांना फेरफार आणि वारसनोंदी आपल्यापेक्षा चांगल्या कळतात. त्यांनी काढलेली शंका खरी निघण्याचा संभव बराच आहे.

राहिला नात्यातल्या आणि सोसायटीतल्या लोकांचा प्रश्न. त्यांच्याकडून पैसे घ्या. अवघड वाटते ते व्यवहार झाल्यावर मागताना. म्हणून पहिले घर दाखवायला जाण्याआधीच आपली फी किती, ती कोणत्या टप्प्यावर द्यायची आणि दुसऱ्या बाजूकडूनही आपण काही घेणार आहोत का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत लिहून पाठवा आणि त्यांचे उत्तर आल्यावरच पुढे जा. सख्ख्या बहिणीला सवलत द्यायची असेल तर तीही त्याच चार ओळींत लिहा. विकासकाकडून कमिशन मिळणार असेल तेव्हा नातेवाइकाकडून वेगळे काही घेऊ नका, मात्र ते कमिशन मिळणार आहे हे त्याला सांगा. आणि कोणी म्हणाले की घरच्या माणसाकडून कसले पैसे घेतेस, तर त्यांना कागद तपासायला चांगला वकील सुचवा आणि ते काम सोडून द्या.